प्रॅक्टिकल व्हा म्हणजे नेमकं काय करा?

माळरान
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे, मी तिथं काम करतो. दिवाळी झाली की आईबाप टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात ते मार्च-एप्रिलला परत, तोवर मुली आमच्याकडं राहून शाळा शिकतात. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादम म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, तो उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते या जोडीला. त्यामुळं पोराचं लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, आणि वयात आलेली पोरगी मागं एकटी ठेवायची भीती वाटते म्हणून पोरीकडचेही घाई करतात. बालविवाह इथं हौसेनं होत नाहीत, असं सगळं गणित आहे त्याच्यामागं.

गेल्या हंगामात आमच्या नववीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, कुणीतरी 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि ते थांबलं. फोन आमच्यातल्याच एका ताईंनी केला हे गावात कळलं. आता यंदाच्या पालक बैठकीत काही पालक आणि गावातले दोन-तीन वजनदार लोक म्हणाले की पोरी ठेवतो पण लग्नाच्या भानगडीत पडणार नाही असं लेखी द्या, नाहीतर सोबत फडावर, म्हणजे ऊसतोडीला, नेतो. आमच्या समितीतले सिनियर लोक म्हणतात प्रॅक्टिकल व्हा, सही करून टाका, मुलगी शाळेत टिकली की लग्न आपोआप पुढं जातं, फडावर गेली तर शाळाही गेली आणि लग्नही होणारच. हे म्हणणं मला सहज उडवून लावता येत नाही, कारण ते खरंच आहे. पण सही करायला हात धजत नाही. म्हणून विचारतोय, व्यवहारी असणं म्हणजे नक्की काय? कुठंपर्यंत वाकायचं आणि हे ठरवायचं कशावरून? तत्त्वज्ञान सांगितलं तरी चालेल पण शेवटी माझ्यापुढं एक कागद आहे हे लक्षात ठेवून सांगा.

कर्वेरोडकर
माळरान, मी सही करा म्हणेन, आणि महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचं उदाहरण देऊन म्हणेन.

1893 मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं, गोदूबाईंशी. मुरूडला, त्यांच्या गावानं, वाळीत टाकलं, आईला त्रास झाला. त्याच वर्षी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली आणि दोन वर्षांत तिचं नाव बदलून विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी केलं, म्हणजे आम्ही लग्नं लावून देत सुटलेलो नाही, फक्त अडथळे दूर करतो अशी भूमिका. मग 1896 ला अनाथ बालिकाश्रम सुरू केला तेव्हा त्यांना दिसलं की पुनर्विवाहाचं नाव काढलं की निम्मं पुणं दार लावून घेतं, पण विधवेला शिकवतो म्हटलं की तेच लोक ऐकून तरी घेतात. म्हणून आश्रमाचं काम फक्त शिक्षण, पुनर्विवाहाचा प्रचार तिथं नाही, असं त्यांनी स्वच्छ ठरवलं आणि पुनर्विवाहाच्या मंडळीच्या कामातून स्वतः बाजूला झाले. ज्या माणसानं स्वतः तेच केलं होतं त्यानं हे केलं, हे किती अवघड असेल बघा!

आणि त्यातून काय उभं राहिलं? हिंगण्याला माळावर एक झोपडी, 1907 ला महिला विद्यालय, 1916 ला महिला विद्यापीठ, 1920 मध्ये उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची 15 लाखांची देणगी आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला. आज ज्याला एसएनडीटी म्हणतो ते. पुनर्विवाहाचा झेंडा घेऊन बसले असते तर यातलं काहीच झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या मुली आत्ता शाळेत राहणं सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

शाल्मली_प
कर्वेरोडकर, माहिती बरोबर आहे पण अर्धी आहे. या हिशोबात ज्यांनी किंमत दिली त्या बाई कुठंयत?

गोदूबाई म्हणजे आनंदीबाई, सगळे त्यांना बाया म्हणायचे. नवऱ्यानं विधवांसाठी आश्रम काढला आणि पुनर्विवाहित बायको तिथं पुढं दिसली तर सनातनी बिथरतील म्हणून त्यांनाच मागं राहावं लागलं. त्यांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात होत्या, केशवपन केलेल्या विधवा, देणग्या गोळा करायला गावोगाव फिरल्या, आणि त्यांच्या त्या रूपामुळं जुन्या लोकांचा विश्वास बसायचा. पुढं त्यांनी केशवपन सोडलं, अमेरिकेलाही जाऊन आल्या, अफाट बाई. पण सुरुवातीच्या काळात आश्रमाची अब्रू एका बहिणीच्या मुंडण केलेल्या डोक्यावर आणि दुसऱ्या बहिणीच्या लांब राहण्यावर उभी होती. अण्णासाहेबांबद्दल मला अतोनात आदर आहे, त्यांनी स्वतःचे सगळे पैसे आणि आयुष्य त्यात घातलं. पण तडजोड तोलताना किती फायदा झाला एवढंच बघायचं आणि तो कुणाच्या जिवावर झाला हे बघायचं नाही, याला मी व्यवहारीपणा म्हणणार नाही.

आणि शेजारी पंडिता रमाबाई ठेवून बघा. दोघांचा जन्म एप्रिल 1858, पाच दिवसांच्या अंतरानं. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, 1890 मध्ये पुण्यात आणलं, आणि ह्याच गोदूबाई त्या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. म्हणजे अण्णासाहेबांची बायको रमाबाईंच्या शाळेत शिकलेली! रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, मुलींवर धर्माची सक्ती नव्हती, पण स्वतःची प्रार्थना दार बंद करून करायला त्या तयार नव्हत्या. 1893 ला रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच मुली घरच्यांनी काढून नेल्या. कुणीही म्हणालं असतं बाई जरा दार लावा की. त्यांनी नाही लावलं. संपल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आणि तिथं अशा बायका-मुली होत्या ज्यांना दुसऱ्या कुणीच दारात उभं केलं नसतं. न वाकणाऱ्या माणसाचं काम बुडतंच हे गृहीत धरूनच आपण वाकायला लागतो.

कर्वेरोडकर
शाल्मली, बायांबद्दलचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं एवढंच नाही, त्याशिवाय उदाहरणच पुरं होत नाही. पण रमाबाईंना परदेशातून मदत होती, अमेरिकेत त्यांच्यासाठी संघटना उभी राहिली होती. पुणेकर गेले तरी धान्य भरायला पैसे येत होते. माळरान यांच्या वसतिगृहाला अशी कुठली मदत आहे? न वाकण्याची ऐपत लागते, ती नसलेल्या माणसाला रमाबाई दाखवणं योग्य नाही.

शाल्मली_प
आणि अण्णासाहेब पुरुष होते, चित्पावन होते, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्रोफेसर होते. तडजोड करायची म्हटलं तरी समोरच्यानं तुमच्याशी बोलायला तर पाहिजे ना, रमाबाईंशी बोलायलाच कोण तयार होतं शेवटी शेवटी. ऐपतीचं म्हणाल तर दोन्हीकडं लागते.

विदर्भवारा
सही करू नका. नववीतली मुलगी तुमच्या भरवशावर आहे, तिच्या बापाच्या सोयीसाठी तुम्ही तिच्याविरुद्ध कागद लिहून देणार? यात चर्चा करण्यासारखं मला काही दिसत नाही.

भाऊ_केजकर
माळरान सर, मी रिटायर ग्रामसेवक, नोकरीतली बरीचशी वर्षं तुमच्याच जिल्ह्यात गेली. पहिली गोष्ट कायद्याची. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गावपातळीवर प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, त्यामुळं असा कागद तुम्ही दिला तरी त्यानं कायदा थांबत नाही, उलट उद्या काही झालं तर तुम्ही डोळेझाक करायचं लेखी कबूल केलं होतं एवढंच सिद्ध होईल. कलम 10 आणि 11 नीट वाचा, लग्न लावणारा, मदत करणारा, रोखण्यात हयगय करणारा सगळे त्यात येतात. मुलीचा सांभाळ ज्याच्याकडं आहे तोही येतो, म्हणजे वसतिगृह त्यातून बाहेर राहीलच असं समजू नका. तेव्हा सही हा पर्याय नाहीच, हे समितीला तसंच सांगा, तत्त्वाचं नका सांगू, कायद्याचं सांगा, लोक ते लवकर ऐकतेत.

दुसरी गोष्ट अनुभवाची. मांडवात पोलिस नेऊन थांबवलेलं लग्न हे आमच्या खात्याच्या कागदावर चांगलं दिसतं पण त्या पोरीचे त्यानंतरचे दिवस फार वाईट जातेत. जेवणावळीचा खर्च झालेला, पाहुणे परत गेलेले, सगळा राग तिच्यावर. आणि बरेचदा आठ दिवसांनी दुसऱ्या गावात मामाच्या दारात लग्न लागतंच. म्हणून मी पुढं पुढं काय करायचो, सुपारी फुटायच्या टायमालाच पोचायचो. अंगणवाडीताई, आशाताई यांना आधी कळतं, त्यांच्याकडून कानावर आलं की संध्याकाळी एकटा घरी जाऊन बसायचो, वर्दी नाही, फोटो नाही, पेपरात बातमी नाही. पोरीच्या बापाला सांगायचो की अठरा पूर्ण होऊ द्या, तोवर हमीपत्र द्या. आणि मांडववाला, बँडवाला, आचारी, पत्रिका छापणारा, लग्न लावणारे महाराज, यांची वेगळी बैठक घ्यायची, की वयाचा दाखला बघितल्याशिवाय ऑर्डर घेतली तर तुम्हीपण अडकाल. ते लोक धंदेवाले आहेत, त्यांना जोखीम कळते. बापाला तोंड वर करून सांगता येतं की महाराजच तयार नाहीत हो, मी काय करू. त्याला गावात मान खाली घालावी लागत नाही. मला विचाराल तर हा व्यवहार. आपलं काम झालं पाहिजे आणि समोरच्याला परत जायला वाट पाहिजे.

एवढं करूनही ऐकलं नाही तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम आणता येतो, कलम 13. तो मोडून लग्न लावलं तर ते लग्नच रद्दबातल. हे हत्यार ठेवायचं, उठसूट काढायचं नाही, पण माझ्याकडं ते नाही असं कधी लिहून द्यायचं नाही.

हडसनकाठ
भाऊंच्या शेवटच्या वाक्याशीच मला महाडची गोष्ट जोडायची आहे. मी कामानिमित्त न्यूयॉर्कमध्ये असतो, कोलंबिया विद्यापीठ इथून जवळ, आणि बाबासाहेब तिथं 1913 ते 1916 शिकत असताना ज्यांच्या वर्गात बसले ते जॉन ड्युई हे फलवादी, म्हणजे इंग्रजीत प्रॅग्मॅटिक म्हणतात त्या विचाराचे मोठे प्रोफेसर. कल्पना कितीही उदात्त असो, ती वागणुकीत उतरल्यावर काय होतं त्यावरून तिची परीक्षा, आणि परीक्षेत जे दिसलं त्यावरून पुढचं पाऊल बदलायचं, असं थोडक्यात. बाबासाहेब ड्युईंना शेवटपर्यंत मानत. 1952 च्या जूनमध्ये मानद पदवी घ्यायला ते परत इथं आले आणि त्याच दिवसांत ड्युई गेले, भेट राहिली ती राहिलीच.

आता महाड. तिथलं चवदार तळं अस्पृश्यांसह सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं 1924 मध्येच केलेला होता, फक्त कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर अस्पृश्य लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, मग त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली. त्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही, पोलिसात आणि कोर्टात गेले. पुढं नगरपालिकेनं तो ठराव फिरवला, म्हणून डिसेंबरमध्ये परत सत्याग्रह ठरला. परिषदेसाठी कुणी जागा देईना, एका मुसलमान गृहस्थांनी दिली, व्यापारी माल विकणार नाहीत म्हणून धान्यापासून सगळं बाहेरून आणावं लागलं. हजारो लोक तयारीनं आलेले. आणि ऐन तोंडावर सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला.

परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, म्हणजे धाडसाची काही कमी नव्हती. पण तळ्याच्या बाबतीत बाबासाहेबांनी लोकांना समजावलं की कोर्टाचा हुकूम मोडून सरकारला आपल्याविरुद्ध उभं करू नका, आपला दावा खरा आहे तर तो कोर्टात लढू. लोक चिडलेले होते, तुरुंगात जायला आलो होतो म्हणत होते. शेवटी मिरवणुकीनं तळ्याला वळसा घालून पाणी न पिता परतले. ते दृश्य मला त्या पूर्ण लढ्यातलं सगळ्यात अवघड वाटतं. मग दहा वर्षं खटला, महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, आणि 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला की अस्पृश्यांना बंदी करण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही. जिंकले.

माळरान, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. त्यांनी वेळ सोडली, त्या दिवसाचा मान सोडला, आपल्याच लोकांची नाराजी घेतली, पण तळ्यावरचा हक्क सोडतो असं कुठं लिहून दिलं नाही. समितीतले लोक तुम्हाला फोन कधी करायचा, कुणी करायचा, आधी कुणाशी बोलायचं हे बदला म्हणत असते तर ते ऐकण्यासारखं होतं. ते म्हणतायत की फोन करायचा अधिकारच सोडून द्या. दोन्हीला बोलताना प्रॅक्टिकलच म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

कर्वेरोडकर
हा फरक पटला. आणि या नजरेनं अण्णासाहेबांकडं बघितलं तर त्यांनीही आश्रमात प्रचार करणार नाही म्हटलं, पुनर्विवाह चूक आहे असं कधी म्हटलं नाही, आपलं स्वतःचं लग्न लपवलं नाही. सही करा हे माझं मत मागं घेतो, निदान तसा मजकूर असेल तर नको. मात्र मुली फडावर गेल्या तर काय, हा प्रश्न उरतोच, त्याचं उत्तर महाडमध्ये नाही.

फडावरची_लेक
मी इथं फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझे आईवडील कोयत्यावर जायचे, मी आजीजवळ राहायचे, दहावीची परीक्षा दिली आणि निकालाच्या आधी माझं लग्न झालं. आता नर्सिंग करून नोकरी करते, मधली वर्षं कशी गेली ते इथं लिहीत नाही.

मला सगळ्यांना एक सांगायचंय की तुम्ही सगळे फोन करावा का नाही करावा यावर बोलताय पण लग्नं कधी होतात ते बघा. एक तर टोळी निघायच्या आधी तुळशीच्या लग्नानंतर घाईघाईत, नवा कोयता सोबत नेता यावा म्हणून. आणि दुसरी परत आल्यावर एप्रिल-मे मध्ये, तेव्हा उचलीतून राहिलेले काय पैसे असतील ते हातात असतात, पाहुणे गावात असतात. हंगामातलं वसतिगृह टोळी निघाल्यावर चालू होतं आणि टोळी आली की बंद. म्हणजे जेव्हा लग्न होत नाही तेव्हा मुलगी सुरक्षित आणि जेव्हा होतं तेव्हा घरी. मला वाचवायला फोन करणारं कुणी नव्हतं हे खरं, पण उन्हाळ्यात मी कुठंतरी असते, शिवणक्लास असो कॉम्प्युटर असो काहीही असो, तर वडिलांनीच नाही म्हटलं असतं, ते काही वाईट नव्हते. त्यांना लोक विचारायचे पोरगी रिकामीच बसलीय का, त्याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं.

आणि अजून एक. मुलींना विचारा. आमच्या वेळी एखाद्या मॅडमनी नुसतं विचारलं असतं ना, की घरी काही चाललंय का, कुणी बघायला येऊन गेलं का, तर मी सांगितलं असतं. तुमच्या बैठकीत पालक होते, गावातले मोठे होते, समिती होती. मुली होत्या का?

शाल्मली_प
फडावरची_लेक ताई, तुम्ही लिहिलंत हे फार फार बरं केलंत. मी किंमत कोण देतंय एवढं विचारून थांबले होते, जिनं दिली तिलाच विचारा हे तुम्ही सांगितलंत.

माळरान
सगळ्यांचे आभार. पुढं काय झालं ते सांगतो, कारण बैठक काल परत झाली.

फडावरची_लेक ताईंचा प्रश्न वाचून आधी मुलींशी बोललो, म्हणजे मी नाही, आमच्या दोन ताई बोलल्या, मी बाहेरच होतो. मुलींचं म्हणणं साधं होतं, फोन करा पण आमच्या नावानं आलंय असं घरी कळू देऊ नका, आणि फोन केल्यावर आम्हाला लगेच घरी पाठवू नका. हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं!

मग समितीपुढं भाऊंनी सांगितल्याप्रमाणं कायद्याचा मुद्दा ठेवला, त्यावर फार वाद झाला नाही. त्यांच्या कागदाऐवजी आम्ही आमचा मजकूर दिला. वसतिगृह लग्नाची बातमी कानावर आली की आधी पालकांशी घरी जाऊन बोलेल, त्यांना गावासमोर उभं करणार नाही. तारीख ठरलेली दिसली तर ग्रामसेवकांना कळवलं जाईल आणि हे आत्ताच सांगून ठेवतोय, नंतर फसवलं म्हणू नका. आणि अशा वेळी मुलगी वसतिगृहातच राहील, तिचा खर्च कुणाकडं मागणार नाही. काही पालकांनी सही केली. काहींनी मुली नेल्या, त्यातली एक दहावीची आहे, हुशार आहे, मला तिचा चेहरा दिसतोय. व्यवहारी माणसानं असा निर्णय घेतला असता का हे मला अजूनही सांगता येत नाही.

उन्हाळ्याचं ताईंनी सांगितलेलं समितीतल्या त्याच सिनियर सरांनी उचलून धरलंय, एप्रिल-मे मध्ये वर्ग चालू ठेवायला पैसे कुठून आणायचे ते बघतोय. हे त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहितोय कारण धाग्यात ते घाबरट वाटले असतील, तसे ते नाहीत, त्यांनी हे वसतिगृह पत्र्याच्या शेडमधून उभं केलंय.

विदर्भवारा
निर्णय बरोबर घेतलात. जिला नेलं तिचं काय?

भाऊ_केजकर
माळरान सर, दहावीच्या त्या पोरीचा परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरलेला असेल तर तो रद्द होऊ देऊ नका. हेडमास्तरांना आजच भेटा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, टोळी त्या वेळी कुठल्या कारखान्यावर आहे ते मुकादमाकडून काढा, आईबापाला मधेच पोरगी परीक्षेला आणून सोडायला लावता येतं, मी अशा पोरी आणलेल्या आहेत. बाप परीक्षेला नाही म्हणत नाही सहसा. आणि सगळ्या मुलींचे जन्माचे दाखले आणि शाळेच्या रजिस्टरमधला उतारा आत्ताच एका फाइलला लावून ठेवा, ऐन वेळी वयावरूनच भांडण होतं आणि तेव्हा कागद सापडत नाही.

फडावरची_लेक
तिची टोळी कुठं जातेय ते कळलं तर मला मेसेज करा दादा. साताऱ्याच्या बाजूला असेल तर मी जाऊन येईन, पुस्तकं देईन तिला.